अंगाच्या उबेवर आईच्या कानाचं मशीन चालेल का?

अंजनेरीची वाट | ५ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, मी नाशिकला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझी आई ७८ वर्षांची आहे. ४ वर्षांपासून कानामागे मशीन लावते. ऐकू छान येतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार सेलची आहे. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान सेल, त्यावरचा तपकिरी स्टिकर सोलायचा, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग इवलंसं दार लावायचं. हे दर आठवड्याला. आईची बोटं आता थरथरतात. सेल हातातून सुटतो, फरशीवर घरंगळतो आणि पलंगाखाली जातो. मी कामावर असले की ती सरळ मशीन काढून ठेवते. शेजारच्या काकू दार वाजवून परत जातात आणि आई आत एकटी बसलेली असते. हे मला फार लागतं.

वर्गात सीबेक परिणाम शिकवताना एका मुलाने विचारलं, "मॅडम, दोन टोकांच्या तापमानात फरक असला की वीज मिळते, तर अंगाच्या उबेवर का नाही मिळत?" तो प्रश्न घेऊनच मी घरी आले.

जानेवारीत प्रयोग केला. बाजारात सहज मिळणारी १२७०६ नंबरची पेल्टियर टाइल, ४० बाय ४० मिमी. ती माझ्या दंडाला लावली, वर उष्णता हवेत सोडायला छोटा अॅल्युमिनियमचा हीटसिंक, आणि सगळं क्रेप बँडेजने बांधलं. लोड न लावता, म्हणजे टाइलवर काही न चालवता, मल्टिमीटरवर आलेले आकडे असे. जानेवारीत पहाटे गॅलरीत १२ अंश होतं तेव्हा ७८ मिलिव्होल्ट. त्याच दिवशी दुपारी घरात, २५ अंशांना, ३४ मिलिव्होल्ट. आणि काल दुपारी ३ वाजता घरात ३४ अंश असताना फक्त ५ मिलिव्होल्ट.

अंग तर तेवढंच गरम आहे. मग वीज कुठे गेली? आणि हल्ली वाकणारे, पट्टीसारखे जनित्र निघालेत असं वाचते, त्यांनी कानाचं मशीन चालेल का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी मनापासून सांगा.

---

लॅमिंग्टन रोड | ५ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, ही टाइल आमच्याकडून लोक छोटे फ्रिज आणि कूलर बनवायला नेतात. तिचं मूळ काम वीज खाऊन एक बाजू गार करणं. तुम्ही तिला उलटं चालवताय. चालते, पण तिची बांधणी त्या कामासाठी नाही. आत बिस्मथ टेल्युराइड या पदार्थाच्या बारक्या खांबांच्या, म्हणजे पायांच्या, १२७ जोड्या असतात, पाय आखूड आणि जाड, म्हणजे उष्णता भराभर आरपार जावी. तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

---

पातळथर | ५ एप्रिल, रात्री ११:५०

धागा वाचून झोप उडाली. माझं कामच या पदार्थांवर चालतं, कोल्हापुरात. जरा सविस्तर लिहितो.

ताई, वीज कुठेही गेली नाही. धरणात पाणी आहे म्हणून टर्बाइन फिरत नाही, खाली उतार लागतो. दंड तेवढाच गरम आहे, पण समोरची हवाही ३४ अंश झाली. उतारच संपला.

आता हिशोब मांडू. माणूस शांत बसलेला असताना शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. कातडीचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटरच्या आसपास धरा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ मिलिवॅट. यातली सगळी वीज होत नाही. कातडी ३३ अंश आणि हवा २५ अंश असेल तर निसर्गनियमाने मिळणारी कमाल कार्यक्षमताच अडीच टक्क्यांच्या आसपास. आजच्या चांगल्या पदार्थाला त्यातला सहावा भाग हाती लागतो. त्यातही तो ८ अंशांचा फरक टाइलच्या दोन बाजूंना पूर्ण मिळत नाही, आणि खरी मेख इथेच आहे.

उष्णतेची वाट बघा. शरीराच्या आतून कातडीपर्यंत, कातडीतून टाइलमध्ये, टाइलमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकमधून हवेत. प्रत्येक टप्प्यावर अडथळा आहे आणि प्रत्येक अडथळा तापमानाचा आपापला वाटा खातो. सगळ्यात मोठा अडथळा शेवटचा, स्थिर हवेचा. त्याखालोखाल आपली कातडी. तुमची टाइल मात्र उष्णतेला जवळजवळ उघडं दार आहे, म्हणून तिच्या वाट्याला फार कमी येतं. एका जोडीतून १ अंशाला ०.४ मिलिव्होल्ट धरा, १२७ जोड्यांतून ५०. जानेवारीच्या पहाटे तुम्हाला ७८ मिळाले, म्हणजे टाइलच्या दोन बाजूंत दीड अंशाचा फरक होता. अंगात आणि हवेत २४ अंशांचा फरक असताना टाइलला मिळाला दीड! काल मिळाला एका अंशाचा दहावा भाग.

म्हणून अंगावर घालायच्या जनित्रात पाय उंच आणि बारीक ठेवतात, संख्येने विरळ ठेवतात. टाइलने स्वतः उष्णतेला थोडं अडवलं तरच तिला वाटा मिळतो. पण फार अडवलं तर उष्णता येतच नाही. या दोन्हींचा मध्य गाठणं हे यातलं अर्धं शास्त्र आहे.

सगळं जमून आलं, हवा २०-२५ अंश असली, तर दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० मायक्रोवॅट ही मी चांगली कमाई मानतो. तुमच्या आईंच्या मशीनला किती लागतात ते जाणकारांनी सांगावं.

---

वाचनमात्र | ६ एप्रिल, सकाळी ७:०५

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची बातमी वाचली होती. बोटात घालायची, ताणली जाणारी अंगठी, आणि दर चौरस सेंटिमीटरला १ व्होल्ट मिळतो. मग १० ते २० मायक्रोवॅटच का म्हणता? १ व्होल्ट म्हणजे जवळजवळ सेलच झाला की.

---

पातळथर | ६ एप्रिल, सकाळी ९:३०

चांगला प्रश्न विचारलात, कारण बातम्यांत हीच गल्लत होते. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची, पाण्याचं माप नव्हे. बारीक बारीक जोड्या एकामागे एक जोडत गेलं की व्होल्ट वाढतात, पण जोडीगणिक आतला रोधही वाढतो आणि प्रवाह उरत नाही. मशीनला दोन्ही लागतात. म्हणून बातमी वाचताना मी आधी वॅट शोधतो, आणि तो तापमानाच्या किती फरकावर मोजला ते शोधतो. हीटर लावून ५० अंशांच्या फरकावर मोजलेला आकडा मनगटाला लावून चालत नाही.

पण त्या कामाचं मोल वेगळं आहे आणि ते मोठं आहे. त्यांचा मूळ पदार्थ फाटला तर सांधला जातो, आणि तुकडे एकमेकांना जोडून पट्टी हवी तेवढी मोठी करता येते. ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे येतो, वाकण्याचा.

बिस्मथ टेल्युराइड हा मोठा गुणी पदार्थ. १९५४ पासून या कामात आहे आणि खोलीच्या तापमानाला आजही त्याच्या तोडीचे फार थोडे. पण स्वभाव अभ्रकाचा, पापुद्रे सुटतात. वाकवला की मोडतो. त्यावर लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. दक्षिण कोरियात काइस्ट या संस्थेत २०१४ मध्ये त्यांनी वरखालच्या कडक सिरॅमिक पाट्याच काढून टाकल्या आणि काचेच्या धाग्यांच्या कापडावर पदार्थ स्क्रीन प्रिंटिंगने छापला, आपण टी-शर्टवर छापतो तसा. २०१५ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने झालेल्या नेटएक्स्प्लो कार्यक्रमात त्याचा गौरव झाला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या गटाने वेगळा विचार केला. पाय कडकच राहू देत, ते मिमीभराचे आहेत, त्यांना वाकायची गरज नाही. वाकायचे ते जोड. म्हणून त्यांनी पाय रबरात बसवले आणि मधल्या तारांच्या जागी गॅलियम आणि इंडियमचा मिश्रधातू भरला. तो खोलीच्या तापमानाला पाऱ्यासारखा पातळ असतो. पट्टी ओढली की धातू ओघळून लांब होतो, सोडली की परत जागेवर. तार तुटायचा प्रश्नच मिटला. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते.

त्यात एक दुखणं मात्र आहे. पाय विरळ असल्यामुळे पट्टीत बहुतेक जागा रबराची. उष्णता पायांतून न जाता रबरातून गुपचूप पलीकडे निघून जाते. वीज न देता. वाकण्याची किंमत अशी मोजावी लागते.

आणि २०१८ मध्ये शांघायच्या सिरॅमिक्स संस्थेतून आलेली गोष्ट तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. सिल्व्हर सल्फाइड, म्हणजे आपल्या चांदीच्या भांड्यांवर चढतो तो काळा थर. त्याचा स्फटिक खोलीच्या तापमानाला धातूसारखा वाकतो, तुटत नाही! अर्धवाहक असून. त्यात सेलेनियम आणि टेल्युरियम मिसळून पुढे वाकणारी जनित्रं झाली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २०२४ च्या अखेरीला बिस्मथ टेल्युराइडचीच पातळ, वाकणारी फिल्म छापून दाखवली. काम जोरात चालू आहे.

---

कानगोष्टी | ६ एप्रिल, दुपारी १:२०

मी पुण्यात श्रवणतज्ज्ञ आहे. तपकिरी स्टिकरचा सेल म्हणजे ३१२ नंबर. त्यात साधारण १७० मिलिअँपिअर-तास असतात. तुमच्या आई दिवसभर मशीन वापरतात आणि आठवड्याच्या आत सेल संपतो असं धरलं, तर मशीन सरासरी २ मिलिवॅट किंवा थोडं जास्त खातं. नवी, ब्लूटूथवाली मशीनं आणखी खातात.

पातळथर यांच्या आकड्यांनी भागाकार करा. २ मिलिवॅटला १०० ते २०० चौरस सेंटिमीटर लागतील, म्हणजे एक ते दोन पोस्टकार्डं. कानामागे मशीन बसतं तिथली जागा २-३ चौरस सेंटिमीटर, तीही केसांनी झाकलेली आणि चष्म्याच्या काडीने अडवलेली. तेव्हा ताई, या मशीनला हे जमणार नाही. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

पण आईंना दिवसभर न ऐकता बसू देऊ नका, ही कळकळीची विनंती. कानावर येणारा आवाज कमी झाला की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो, हे मी रोज बघते. चार्जिंगची मशीनं मिळतात, रात्री डबीत ठेवायची, सकाळी काढायची. सेल नाही, स्टिकर नाही. तोवर टोकाला लोहचुंबक असलेली कांडी घ्या, सेल तिला चिकटतो आणि थरथरत्या हातानेही बसवता येतो. किंमत फारशी नसते. आणि पडलेला सेल लगेच शोधा, घरात लहान मूल येत असेल तर विशेष. गिळला तर तसंच दवाखान्यात न्यायचं.

---

अंजनेरीची वाट | ६ एप्रिल, रात्री ८:५५

राग कसला! कांडी आजच मागवली. चार्जिंगच्या मशीनसाठी पुढच्या आठवड्यात तपासणीची वेळ घेतली आहे. हे मी ४ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

पण आता हा विषय सोडवत नाही. १० मायक्रोवॅटमध्ये काय चालेल?

---

लॅमिंग्टन रोड | ६ एप्रिल, रात्री ९:३०

घड्याळ! सेको कंपनीने १९९८ मध्ये थर्मिक नावाचं मनगटी घड्याळ काढलं होतं, अंगाच्या उबेवर चालणारं. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळाला जेमतेम १ मायक्रोवॅट लागतो, म्हणून जमलं. मनगटावरून काढून ठेवलं की वीज बनणं थांबतं.

आणखी एक. कॅनडातल्या अॅन मकोसिन्स्की या मुलीने शाळेत असताना हाताच्या उबेवर पेटणारी विजेरी केली आणि २०१३ मध्ये गुगल सायन्स फेअरमध्ये तिच्या वयोगटात पहिली आली. पेल्टियर टाइलाच वापरल्या होत्या. आणि विजेरीची नळी पोकळ ठेवली, आतून हवा खेळून दुसरी बाजू गार राहावी म्हणून! पातळथर म्हणतात तो उतार तिने बरोबर ओळखला होता.

तुम्हाला एक चिप लागेल, एलटीसी ३१०८. तिला २० मिलिव्होल्टपासून पुढे व्होल्टेज चढवता येतं. पण २० हे लोड लागल्यावर. तुमचे ३४ लोड लावल्यावर १७ होतील, सुरूच होणार नाही. जानेवारीचे ७८ असतील तर सुरू होईल.

---

कॅल्गरीची थंडी | ७ एप्रिल, पहाटे ४:१०

मूळचा सांगलीचा, २० वर्षं कॅनडात. सगळे म्हणतील, थंड देशात तर चंगळ. तसं नाही. उणे २० अंशांत बाहेर पडताना मनगट जाकिटाच्या बाहीत असतं. जनित्र बाहीच्या आत असेल तर त्याला थंड हवा मिळतच नाही. बाहेर काढलं तर ते कातडीतली उष्णता ओढून घेतं, कातडी गार पडते, शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि उष्णता येणंच कमी होतं. वर हात दुखतो तो वेगळा. मी मित्राचं यंत्र लावून पाहिलं, १५ मिनिटांत काढलं. १० ते २० अंश, थोडा वारा आणि चालणारा माणूस, इतकं असलं की सगळ्यात चांगलं चालतं, असा माझा अनुभव.

---

सोलापुरी सोल्डर | ७ एप्रिल, दुपारी २:४५

ताई, मी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करतो, शास्त्र फार कळत नाही. पण दुकानात आत्ता ४० अंश आहे आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी गार आहे. हवा गरम म्हणून थंड बाजू नाही म्हणता, मग माठ गार कसा होतो? हीटसिंकवर ओलं फडकं टाका की.

---

पातळथर | ७ एप्रिल, दुपारी ३:२०

सोलापुरी, तुम्हाला शास्त्र चांगलंच कळतं. हवेचं तापमान ३६ आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओलं फडकं २० अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे जानेवारीतल्या तुमच्या दुपारच्या हवेपेक्षाही गार! पाणी धरून ठेवणारं जेल थंड बाजूला लावून प्रयोगशाळांनीही हे केलं आहे, पण माझ्या डोक्यात नाशिक-सोलापूरची कोरडी हवा आलीच नव्हती. मुंबईत हे साधणार नाही, तिथे दमट हवेत फडकं इतकं गार होत नाही. घामही तिथे म्हणूनच वाळत नाही.

---

अंजनेरीची वाट | ९ एप्रिल, रात्री १०:३०

केलं! जुन्या सुती धोतराचा तुकडा चौघडी करून हीटसिंकला गुंडाळला, २ मिली पाणी सिरिंजने मोजून टाकलं. दुपारी ३ वाजता, खोलीत ३५ अंश. कोरडं असताना ३ मिलिव्होल्ट. पाणी टाकल्यावर १० मिनिटांत ४६. चिप लावली, लोडखाली २३ राहिले आणि ती सुरू झाली. ४० मिनिटांत फडकं वाळलं आणि आकडा परत खाली आला.

मग गच्चीवर गेले. तिथे ३९ अंश. कोरड्या फडक्यावर मीटरने उणे ९ दाखवले. हवा अंगापेक्षा गरम, वीज उलट्या दिशेने! दुसऱ्या दिवशी हे वर्गात करून दाखवलं. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याच्याच दंडावर. तो मीटरकडे बघतच राहिला.

---

लॅमिंग्टन रोड | ९ एप्रिल, रात्री ११:००

उलट-सुलट दोन्ही चालणारी बहीण आहे त्या चिपची, एलटीसी ३१०९. पण तिला ३० मिलिव्होल्ट लागतात.

---

अंजनेरीची वाट | १३ एप्रिल, सकाळी ८:१५

कॅल्गरीच्या थंडीने लिहिलेलं डोक्यात घोळत होतं. आई रोज पहाटे सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारते. पहाट गार, हात हलता, वारा लागतो. आणि मला नेमकी तेव्हाच काळजी असते, कारण मशीन काढलेलं असतं आणि मागून येणारी गाडी तिला ऐकू येत नाही. तेव्हा ती कुठल्या बाजूला आहे एवढं समजलं तरी पुरे.

टाइल, चिप, वीज साठवायला एक कपॅसिटर आणि फोनला सिग्नल पाठवणारा नाण्याएवढा ब्लूटूथ बीकन. आज सकाळी ६ ला २२ अंश होतं. कोरडाच हीटसिंक, पाणी नाही. आई चालायला लागल्यावर कपॅसिटर भरायला ७ मिनिटं लागली, मग दर १० सेकंदांनी सिग्नल. गॅलरीतल्या फोनवर मला ती पार्किंगच्या बाजूला गेली की क्षीण आणि देवळाच्या बाजूला आली की ठळक दिसत होती. ३५ मिनिटं चाललं. घरात येऊन बसल्यावर काही वेळाने थांबलं. सेल नाही, चार्जिंग नाही.

पण घरी आल्यावर पट्टी सोडली तर दंडावर टाइलचा चौकोन लाल उमटलेला. या वयात कातडी कागदासारखी होते. आई म्हणाली, "दुपारचं ते ओलं फडकं बांध हवं तर, गार वाटतं. ही फरशी नको." वाकणारी पट्टी का हवी ते मला आज कळलं. वीज वाढते म्हणून नाही. टाइल सपाट, दंड गोल, कडेला हवेची फट राहते म्हणून मी बँडेज आवळत होते आणि त्याचा त्रास तिला होत होता.

पातळथर, अशी एखादी पट्टी कुठे मिळेल? विकत मिळत असेल तर पैसे देईन.

---

पातळथर | १३ एप्रिल, सकाळी ११:४०

विकत नको. आमच्या मुलांनी सिलिकॉन रबरात बसवलेली ६४ जोड्यांची एक पट्टी आहे. दंडाभोवती छान बसते. पाय उंच आहेत, तेव्हा जोड्या निम्म्या असल्या तरी व्होल्टेज तुमच्या टाइलच्या जवळपास यावं. दोष आधीच सांगतो. आतले जोड तांब्याच्या पत्रीचे आहेत, द्रवधातूचे नाहीत. रोज वाकवली तर काही आठवड्यांत एखादा जोड तुटेल आणि एक तुटला की सगळी पट्टी बंद, कारण सगळ्या जोड्या एकामागे एक आहेत. कुठला तुटला, किती दिवसांनी तुटला, हे लिहून ठेवाल का? ७८ वर्षांच्या दंडावरची नोंद आमच्याकडे एकही नाही. आम्ही सगळं स्वतःच्याच मनगटावर मोजत आलो.

आणि आईंना विचारून मगच बांधा. खाज सुटली किंवा लाल झालं तर लगेच काढायची.

---

अंजनेरीची वाट | १३ एप्रिल, दुपारी १२:०५

वही आजच घातली. पट्टी पोस्टाने नको, मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी कोल्हापुरात. आईही येते म्हणतेय. नव्या मशीनची तपासणी बुधवारी आहे, ते मिळालं तर तेच घालून येईल. तिला आधी अंबाबाईचं दर्शन घ्यायचंय, मग तुमची प्रयोगशाळा बघायची आहे.